वासावरून माणूस ओळखणे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

माणसाच्या अंगच्या वासाचा गुन्ह्याच्या तपासात कसा उपयोग होतो, याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : प्रत्येकाचा वास खरोखर वेगळा असतो का? साबण बदलला, लसूण खाल्ला, ताप आला की वास बदलतो. मग ओळख कशावरून पटवायची?

वास बदलतो, पण सगळा बदलत नाही. या विषयात काम करणारे गंधाचे तीन थर मानतात. पहिला प्राथमिक. तो त्या व्यक्तीच्या शरीररचनेतून येतो आणि आहार किंवा परिसर बदलला तरी बराच टिकून राहतो. दुसरा आहारामुळे आणि परिसरामुळे येणारा. तिसरा पूर्णपणे बाहेरचा : साबण, तेल, अत्तर, सिगारेटचा धूर. तपासात कामाचा फक्त पहिला थर असतो. बाकीचे दोन नेमके त्याच्यावर पसरून बसलेले असतात, आणि सगळी कटकट तिथून सुरू होते.

ताज्या घामाला जवळपास वास नसतो. काखेतल्या अपोक्राइन ग्रंथींच्या स्रावात काही आम्ले ग्लुटामिन या अमिनो आम्लाला जोडलेली असतात. त्वचेवरचे कोरिनेबॅक्टेरियम जातीचे जिवाणू एका एन्झाइमने ही जोडी तोडतात आणि आम्ले मोकळी होऊन हवेत येतात. कांद्यासारखा उग्र वास देणारी गंधकयुक्त संयुगे सुटी करण्यात स्टॅफिलोकॉकस होमिनिस या जिवाणूचा मोठा हात असतो. म्हणजे वास ठरतो तो ग्रंथी काय सोडतात आणि त्वचेवर कोणते जिवाणू राहतात या दोन्हींवरून. ग्रंथींवर जनुकांचा ताबा किती असतो, याचे स्पष्ट उदाहरण एबीसीसी११ हे जनुक आहे. पूर्व आशियात सर्रास आढळणारा त्याचा एक प्रकार दोन्ही पालकांकडून आला, तर काखेचा वास फार कमी येतो आणि कानातला मळही कोरडा असतो.

‘माझ्यात आहे आणि दुसऱ्या कोणातच नाही’ असे एखादे संयुग शोधायला जाऊ नये. ६० जणांच्या हातांच्या वासाच्या एका अभ्यासात एकूण ६३ संयुगे नोंदली गेली. त्यांतली ६ दोन-तृतीयांशाहून अधिक लोकांत होती, ७ मधल्या गटात, आणि तब्बल ५० एक-तृतीयांशाहून कमी लोकांत. ओळख पटते ती कोणती संयुगे एकत्र आली आणि त्यांचे आपसातले प्रमाण काय, यावरून. ऑस्ट्रियातल्या आल्प्समधील एका गावात १९७ प्रौढांच्या काखेच्या घामाचे दहा आठवड्यांत प्रत्येकी पाच नमुने घेतले होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत काळानुसार टिकून राहणारे ३७३ घटक सापडले. प्राथमिक थर नुसता कल्पनेतला नाही, हे त्यावरून कळते.

प्रश्न : एकसारख्या जुळ्यांचे काय?

चेक पोलिसांच्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांनी एकाच घरात राहणाऱ्या, एकच अन्न खाणाऱ्या एकसारख्या जुळ्यांचे वास वेगळे ओळखले. हा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जुळ्यांच्या जोड्या मात्र मोजक्याच होत्या, आणि कुत्रे वरच्या दर्जाचे प्रशिक्षण झालेले होते. त्यामुळे कोणताही कुत्रा कोणतीही जुळी वेगळी करील, असा अर्थ काढू नये.

प्रश्न : पोलिसांचा कुत्रा घटनास्थळापासून माग काढतो, तेच हे का?

नाही. माग काढताना कुत्रा जमिनीवरच्या आणि हवेतल्या वासाच्या वाटेने चालत जातो. त्या वाटेत माणसाच्या वासाबरोबर तुडवलेले गवत आणि उकरली गेलेली मातीही असते. शेवटी कुत्रा एखाद्या दारापाशी थांबला, तर तपासाला दिशा मिळते, एवढेच. गंधांच्या ओळख परेडीत घटनास्थळी मिळालेल्या वासाची संशयिताच्या वासाशी बंद खोलीत, ठरलेल्या क्रमाने तुलना होते. ही कामे वेगळी, प्रशिक्षण वेगळे, आणि चुकाही वेगळ्या. पुढची उत्तरे परेडीविषयी आणि प्रयोगशाळेतल्या विश्लेषणाविषयी आहेत.

प्रश्न : घटनास्थळी वासाचा नमुना कसा घेतात? बोटांचे ठसे, डीएनए आणि वास, आधी काय घ्यायचे?

आधी वास. ठशांसाठी भुकटी मारली, सुपरग्लूची वाफ दिली किंवा निनहायड्रिन या रसायनाचे द्रावण फवारले की गंधाचा नमुना गेलाच म्हणून समजा. पण गंधासाठी कापड वस्तूवर दाबले, तर त्वचेच्या पेशी कापडाला लागतात आणि ठसा पुसला जातो. म्हणून ठसा असू शकेल अशा गुळगुळीत भागाला कापड लावत नाहीत. वस्तू लहान असेल तर ती कापडासह काचेच्या बरणीत ठेवून झाकण लावतात. कापड आणि वस्तू एकमेकांना टेकत नाहीत, आणि वास बरणीतल्या हवेतून कापडात उतरतो. हवा ओढून कापडावर गंध जमवणारी उपकरणेही आहेत. त्यांचा फायदा असा की वस्तूला हात लागत नाही. तोटा असा की आदल्या नमुन्यानंतर यंत्र नीट साफ केले नसेल, तर आदल्या माणसाचा वास पुढच्या कापडावर जातो.

खुर्चीची गादी, गाडीचे स्टिअरिंग, टाकून दिलेला शर्ट अशा वस्तूंवर कापड थेट ठेवतात. क्रम साधारण असा :

निर्जंतुक सुती गॉज, म्हणजे जखमेवर बांधतात ते जाळीदार कापड, चिमट्याने काढायचा. ‘निर्जंतुक’ याचा अर्थ ‘गंधमुक्त’ होत नाही. बाजारातल्या गॉजमध्ये कारखान्यातली संयुगे असतात. कुत्र्यासाठी ते एक वेळ चालून जाते, कारण परेडीतल्या सर्व बरण्यांत त्याच पाकिटातला गॉज असतो. यंत्रासाठी मात्र तो आधी धुऊन घ्यावाच लागतो. गॉज वस्तूवर ठेवला की वरून ॲल्युमिनियमची फॉइल घट्ट गुंडाळायची, म्हणजे बाहेरची हवा कमी लागते. किमान अर्धा तास तसेच राहू द्यायचे. घाई केली तर पुढे तक्रारीला जागा नाही. मग गॉज चिमट्यानेच काचेच्या बरणीत टाकून झाकण घट्ट लावायचे, लेबल बाहेरून चिकटवायचे.

त्याच खोलीत, वस्तूपासून दूर, तसाच एक गॉज तेवढाच वेळ उघडा ठेवून दुसऱ्या बरणीत भरायचा. हा कोरा नमुना. घाईत सर्वांत जास्त वेळा गाळले जाते ते हेच. तो नसेल तर सापडलेला वास माणसाचा की खोलीतल्या फिनाइलचा, हे कोणालाही सांगता येत नाही. पंचनाम्यात नमुना घेणाऱ्याबरोबर त्या खोलीत आधी वावरलेल्या प्रत्येकाचे नाव असावे. वस्तूला हात लावणाऱ्या पोलिसाचा वासही त्या वस्तूवर असतो, आणि नंतर त्याचा नमुना घेऊन तो वगळावा लागतो.

प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळाव्यात. प्लॅस्टिक स्वतः थॅलेटसारखी संयुगे सोडते, नमुन्यातली काही शोषते आणि काही बाहेर जाऊ देते. काच सर्वांत बरी. बरणी उन्हात किंवा तीव्र प्रकाशात ठेवू नये, कारण अतिनील किरणांनी नमुन्यातल्या संयुगांचे प्रमाण बदलते.

प्रश्न : संशयिताचा नमुना काखेतून घेतात का?

बहुतेक वेळा हातांचा घेतात, कारण गुन्ह्यातल्या वस्तूला हातच लागलेले असतात. हा भेद क्षुल्लक नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, हाताच्या वासावर तयार केलेले कुत्रे त्याच माणसाच्या कोपराचा वास खात्रीने ओळखू शकले नाहीत. शरीरभर एकच ‘सही’ पसरलेली असते, या समजुतीला त्याने चांगलाच धक्का दिला.

प्रयोगशाळेसाठी वापरली जाणारी एक पद्धत अशी. हात आणि कोपरापर्यंतचा भाग ऑलिव्ह तेलाच्या, सुगंध नसलेल्या साबणाने ३० सेकंद धुवायचा. थंड पाण्याने २ मिनिटे धुवायचा. टॉवेल न लावता २ मिनिटे हवेत वाळू द्यायचा. मग तळवे कोपराखालच्या हातांवर ५ मिनिटे फिरवत राहायचे. त्यानंतर आधीच स्वच्छ केलेला गॉज दोन्ही तळव्यांत १० मिनिटे धरून काचेच्या कुपीत बंद करायचा. तळवे हातांवर फिरवण्यामागे कारण आहे. तळव्यावर तेलग्रंथी नसतात, फक्त पातळ घामाच्या ग्रंथी असतात. तेलातली संयुगे हाताच्या वरच्या भागातून तळव्यावर आणावी लागतात. ही पायरी गाळली की नमुना अशक्त येतो.

तिढा असा की संशयिताचा नमुना असा धुतलेल्या हातांचा, आणि घटनास्थळचा न धुतलेल्या, कदाचित ग्रीस लागलेल्या हातांचा. पहिल्यात बाहेरचा थर काढून टाकलेला असतो, दुसऱ्यात तो तसाच असतो. तुलना करणाऱ्याने हे अहवालात लिहायलाच हवे. कुत्र्यांच्या परेडीसाठी काही ठिकाणी हात न धुता नमुना घेतात. नेदरलंड्समध्ये पोलादी नळ्या हातात धरायला देत. फ्रान्समध्ये कापडाचा तुकडा धरायला देतात.

प्रश्न : कुत्र्यांची ओळख परेड कशी मांडतात? कुत्रा तर खोटे बोलत नाही, मग त्यावर वाद का?

कुत्रा खोटे बोलत नाही, पण मालकाला खूश करतो. वादाचे मूळ तेच आहे.

मांडणी साधी दिसते. ओळीने पाच-सहा बरण्या किंवा नळ्या. एकीत संशयिताचा वास, बाकीच्यांत तपासाशी संबंध नसलेल्यांचे. कुत्र्याला घटनास्थळचा गॉज हुंगवतात, तो ओळीवरून फिरतो आणि जुळणाऱ्या बरणीपाशी बसतो किंवा आडवा होतो. सहा बरण्यांत निव्वळ नशिबाने बरोबर बसण्याची शक्यता सहात एक, म्हणजे सुमारे १७ टक्के. म्हणून एका फेरीवर काहीही ठरवू नये. जागा बदलून दुसरी फेरी घेतली तर ती छत्तीसात एक, आणि तिसरी घेतली तर २१६ मध्ये एक. त्याच कुत्र्याने तीनदा ओळखण्यापेक्षा वेगवेगळ्या कुत्र्यांनी ओळखलेले जास्त मोलाचे, कारण तोच कुत्रा तीच चूक पुन्हा करू शकतो. हे गणितही प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपासून खरोखर स्वतंत्र असेल तरच लागू पडते.

फसगत कुठे होते? पहिली जागा म्हणजे बाकीचे नमुने. संशयिताचा गॉज आज सकाळचा आणि इतर पाच महिनाभर कपाटात पडलेले असतील, तर कुत्रा ताजा वास निवडतो आणि सगळ्यांना तो ‘जुळला’ असे वाटते. सर्व नमुने एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या गॉजवर, तेवढाच वेळ धरून, एकाच माणसाने भरलेले हवेत. माणसेही एकाच लिंगाची आणि साधारण एका वयाची असावीत.

दुसरी, कुत्र्याची आवड. काही वास कुत्र्याला उगाच ओढतात. त्यासाठी खऱ्या फेरीआधी एक चाचणी फेरी घेतात. संशयिताची बरणी ओळीत असते, पण कुत्र्याला हुंगवतात तो भलत्याच माणसाचा वास, ज्याची बरणीही ओळीत असते. कुत्र्याने ती बरणी बरोबर काढली पाहिजे आणि संशयिताच्या बरणीकडे ढुंकूनही पाहता कामा नये. त्याने तिथे रेंगाळायला सुरुवात केली, तर त्या कुत्र्याला त्या प्रकरणापुरते बाद करावे. एक फेरी संशयिताची बरणी न ठेवता घ्यावी. तीत कुत्र्याने कुठेही न बसता परत यावे. प्रत्येक फेरीत कुठेतरी बसलेच पाहिजे असे शिकलेला कुत्रा या कामाचा नाही.

तिसरी आणि सर्वांत महागात पडणारी, हँडलर, म्हणजे कुत्र्याला फिरवणारा माणूस. बरणी कुठे आहे हे त्याला माहीत असेल तर तो पाऊल अडखळतो, श्वास रोखतो, पट्टा किंचित ओढतो. त्याला स्वतःलाही ते कळत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात अमली पदार्थ आणि स्फोटके शोधणाऱ्या कुत्रा-हँडलरांच्या १८ जोड्या घेतल्या होत्या. शोधण्याच्या जागेत वास कुठेच ठेवलेला नव्हता, तरी हँडलरांना ‘आहे’ असे सांगितले होते. १४४ फेऱ्यांपैकी फक्त २१ फेऱ्यांत एकही खोटा इशारा आला नाही. हे कुत्रे माणसाचा वास ओळखणारे नव्हते, पण हँडलरची समजूत निकालात कशी उतरते हे दाखवायला तेवढे पुरे आहे. नेदरलंड्समध्ये तर २००६ मध्ये उघडकीला आले की काही हँडलरांना संशयिताची जागा वर्षानुवर्षे आधीच माहीत असे. अनेक प्रकरणे पुन्हा उघडावी लागली आणि २०११ मध्ये तिथे ही परेड बंद झाली.

उपाय अवघड नाही. बरण्यांचा क्रम फासा टाकून ठरवायचा, मांडणाऱ्याने खोलीतून बाहेर जायचे, खोलीत असलेल्या कोणालाही क्रम माहीत नसावा, आणि सगळे चित्रीकरण व्हावे. हँडलरने ‘बसला’ असे आधी जाहीर करायचे, मग क्रमाची चिठ्ठी उघडायची.

नीट केले तर निकाल चांगले येतात. फ्रेंच पोलिसांच्या कुत्र्यांवरच्या २०१६ च्या अभ्यासात प्रशिक्षणाअखेर जुळणारा वास सुमारे ९० टक्के वेळा सापडला आणि चुकीच्या माणसाकडे एकदाही बोट गेले नाही. उरलेल्या वेळी कुत्र्याने काहीच निवडले नाही. चूक करायचीच असेल तर ती याच दिशेची असावी.

प्रश्न : मग कुत्र्याऐवजी यंत्र का वापरत नाहीत?

वापरतात, पण संशोधनात जास्त आणि खटल्यांत कमी. पद्धत अशी. गॉज असलेल्या बंद कुपीत सुईतून एक बारीक तंतू सोडतात. त्याच्यावर गंध शोषणारे लेप असतात. सामान्य तापमानाला तो २१ तासांपर्यंत कुपीतल्या हवेत ठेवतात. मग तंतू गॅस क्रोमॅटोग्राफच्या गरम तोंडात घालतात. शोषलेली संयुगे सुटतात, लांब नळीतून आपापल्या वेगाने बाहेर येतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्यांचे तुकडे करून ओळख पटवतो. हाताच्या नमुन्यात नोनॅनल, डेकॅनल, ६-मिथिल-५-हेप्टेन-२-ओन, जेरॅनिल ॲसिटोन अशी नावे नेहमी दिसतात. शेवटची दोन त्वचेच्या तेलातल्या स्क्वॅलीन या घटकावर हवेतल्या ओझोनची क्रिया होऊन तयार होतात. म्हणजे ती किती आढळतील, हे माणसाइतकेच त्या खोलीच्या हवेवरही अवलंबून असते.

कुप्या वापरण्यापूर्वी मिथेनॉलने धुऊन २०० अंश सेल्सिअसच्या वर काही तास तापवतात. गॉजचा कोरा नमुना आणि हवेचा कोरा नमुना आधी यंत्रातून काढतात. यंत्राच्या आलेखात प्रत्येक संयुगाचे एक शिखर उमटते. त्यात सिलोक्सेन दिसले तर ते तंतूचे किंवा नळीचे, थॅलेट दिसले तर प्लॅस्टिकचे, लिनालूल किंवा लिमोनीन दिसले तर बहुधा साबण-अत्तराचे. ही शिखरे वगळल्याशिवाय तुलना केली, तर दोन अनोळखी माणसे ‘जुळतात’, कारण दोघांच्या नमुन्यात तोच गॉज आणि तोच साबण असतो.

अडचण संवेदनशीलतेपेक्षा मिश्रणाची जास्त आहे. एका वस्तूला तिघांचे हात लागले असतील, तर आलेखात तिघांची शिखरे एकमेकांवर चढतात. डीएनएमध्ये ठरावीक जागी ठरावीक पर्याय असतात, म्हणून मिश्रण उलगडता येते आणि ‘इतक्या लोकांत एक’ असा आकडा देता येतो. वासात सगळे कमी-जास्त प्रमाणाचे खेळ, आणि प्रमाण काळानुसार सरकते. लोकसंख्येत कोणते मिश्रण किती दुर्मीळ, याचा भरवशाचा साठा नाही. दोन प्रयोगशाळांचे तंतू आणि नळ्या वेगळ्या असल्या की त्यांचे आलेखही थेट ताडून पाहता येत नाहीत. मिश्रणातून एक वास वेगळा काढण्यात चांगला कुत्रा अजून यंत्राच्या पुढे आहे. यंत्राची जमेची बाजू अशी की उलटतपासणीत त्याचा आलेख समोर ठेवता येतो.

प्रश्न : हातमोजे घातले, अत्तर फवारले तर?

अत्तराने प्राथमिक वास जात नाही, फक्त झाकला जातो. यंत्राला ती शिखरे वेगळी काढता येतात, प्रशिक्षित कुत्र्याला त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकवलेले असते. हातमोजे वस्तूवर उतरणारा वास कमी करतात, पण टाकून दिलेला मोजा आतल्या बाजूने उत्तम नमुना देतो. ब्लीचने वस्तू पुसली तर मात्र फारसे हाती लागत नाही.

प्रश्न : न्यायालये हा पुरावा मानतात का?

एकटा मानत नाहीत, आणि ते योग्यच आहे. टेक्सासच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले की, केवळ किंवा मुख्यतः कुत्र्याच्या गंध-परेडीवर शिक्षा टिकणार नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६९ मध्ये माग काढणाऱ्या कुत्र्याच्या पुराव्याला सामान्यतः फारसे वजन देता येत नाही असे म्हटले. कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही, हा आक्षेप त्यात विचारात घेतला होता. वास जुळला तरी त्यातून कळते ते इतकेच की त्या माणसाचा त्या वस्तूशी संबंध आला असावा. कधी आला, कशासाठी आला, किंवा वास दुसऱ्या कोणाच्या हातून तिथे पोचला का, हे त्यातून कळत नाही.

प्रश्न : बोटांच्या ठशांसारखी वासांची नोंदवही करता येईल का?

पूर्व जर्मनीच्या स्टासी या गुप्त पोलीस यंत्रणेने ती केली होती. चौकशीला आलेल्यांना खुर्चीवरच्या पिवळ्या कापडावर बसवत आणि ते कापड काचेच्या बरणीत बंद करून ठेवत. ही पद्धत तिथेच संपली नाही : २००७ मध्ये हायलिगेनडाम येथील जी-८ परिषदेआधी जर्मन पोलिसांनी काही आंदोलकांचे वासाचे नमुने घेतले आणि त्यावर बराच गदारोळ झाला. तांत्रिक बाजूने पाहिले तर नमुना जुना होतो तशी हलकी संयुगे आधी उडतात, प्रमाण बिघडते आणि कुत्र्यांचे यशही घसरते. त्यामुळे जुन्या बरणीशी ताडून पाहण्यापेक्षा संशयित सापडल्यावर ताजा नमुना घेणे केव्हाही बरे.

प्रश्न : संशयितच नसेल तर वासावरून निदान पुरुष की स्त्री, वय किती, एवढे तरी कळेल?

पहिल्या प्रश्नावर प्रगती आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६० जणांच्या हातांच्या वासावरून लिंग ९६.६७ टक्के अचूक सांगता आले. वयाबाबत २-नोनेनल या संयुगाचा उल्लेख नेहमी होतो. ते मोठ्या वयाच्या लोकांत जास्त आढळल्याचे २००१ मध्ये जपानी संशोधकांनी नोंदवले. पण त्यावरून ‘वय ५२’ असे सांगता येत नाही, फार तर वयोगटाचा अंदाज बांधता येतो. आणि ६० जणांचे ते नमुने सरळ हातांवरून, प्रयोगशाळेत घेतलेले होते. पावसात भिजलेल्या सुऱ्याच्या मुठीवर तीच अचूकता मिळेल असे धरून तपास आखू नये.